जुन्या टी-शर्टांची गोधडी शिवून घेतली, पाचपैकी चार

आधी निकाल सांगते, मग पुराण. काम चांगलं झालंय, पैसे वसूल आहेत, उशीर मात्र भरपूर झाला, एक टी-शर्ट इस्त्रीखाली गेला, आणि एवढं होऊनही दुसरी गोधडी मी त्यांच्याकडेच टाकणार आहे. दुकानाचं नाव इथे देत नाहीये कारण तक्रारीपण लिहिणार आहे आणि एवढ्याशा धंद्याला एक वाईट रिव्ह्यू केवढ्याला पडतो ते कळतं मला. पुण्यात कर्वेनगर साइडला आहे एवढं पुरे. एक ताई मशीनवर बसतात, ब्लाउज, पिको-फॉल, अल्टरेशन हे त्यांचं रोजचं काम, आणि त्यांच्याकडे साताऱ्याकडच्या एक मावशी येतात त्या हाताने गोधड्या शिवतात. ही जोडी हाच त्या दुकानाचा खरा मुद्दा आहे, का ते पुढे येईलच.

टी-शर्ट लेकीचे. ती जर्मनीला एमएसला जाणार हे पक्कं झालं आणि माळ्यावरची बॅग खाली आली, त्यात शाळेच्या हाऊसचा पिवळा, खो-खोच्या टीमची जर्सी, एनएसएसचा, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला बॅकस्टेज होती तेव्हा सगळ्या ग्रूपने करून घेतलेला काळा ज्याच्या पाठीवर 'आव्वाज कुणाचा' छापलंय, ट्रेकचे तीन-चार, हॅकेथॉनचे (हे लोक बक्षिसापेक्षा टी-शर्टच जास्त वाटतात वाटतं), मॅरेथॉनचा, इंटर्नशिपच्या कंपनीचा, आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाचा मरून. घालणार कुणीच नाही, टाकवत नाही, फरशी पुसायला घेतला की लगेच आतून आवाज येतो 'आई तो नको'. मग तिनेच फोनवर टी-शर्ट क्विल्टचे फोटो दाखवले. अमेरिकेत ही पद्धत बरीच रुळलेली आहे, मूल हायस्कूल नाहीतर कॉलेज संपवून बाहेर पडलं की त्याच्या टीमचे, कॅम्पचे टी-शर्ट जोडून पांघरूण करून देतात. मी म्हटलं ही तर गोधडीच की. ती म्हणाली हो गं पण प्रिंट दिसायला पाहिजेत. बरोबर होतं तिचं, आणि सगळी कटकट त्या प्रिंटपायीच झाली.

ऑनलाइन करून देणारे आपल्याकडेही आता आहेत. कुरिअरने टी-शर्ट पाठवायचे, ते कापून जोडून परत पाठवतात. दोघातिघांना विचारलं तर आमच्या मापाला नऊ ते अकरा हजार सांगितले, वर पाठीला फ्लीसच लावणार, आणि उरलेले तुकडे परत मागितले तर कुरिअरचा चार्ज वेगळा. आमच्या ठाण्याच्या एका मैत्रिणीने अशी करून घेतली होती ती मी हातात घेऊन बघितली. दिसायला एकदम फोटोतल्यासारखी, जोड सरळ, कोपरे तंतोतंत जुळलेले, पण अंगावर घेतली तर ताडपत्री. प्रत्येक तुकड्याला मागून कडक पेस्टिंग (इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) मारलेली आणि वरून मोठ्या मशीनने सगळीकडे एकच वेलबुट्टी फिरवलेली, ती प्रिंटवरूनसुद्धा गेलेली. मुलाच्या टीमच्या ग्रूप फोटोचा प्रिंट होता त्यात, त्यातल्या पोरांच्या तोंडावरून शिलाई. मैत्रीण म्हणाली आम्ही ती सोफ्याच्या पाठीवर टाकून ठेवतो. दहा हजाराची वस्तू सोफ्याच्या पाठीवर! मला पांघरायला हवी होती.

आता जरा कापडाचं सांगते, कारण हे माहीत नसेल तर कुणाकडेही द्या, काम बिघडणार. टी-शर्टचं कापड आपल्या साडी-धोतरासारखं उभ्याआडव्या धाग्याचं नसतं, ते होजिअरी, म्हणजे सगळे एकमेकांत अडकलेले फास. म्हणून ते ताणतं, आडवं जास्त ताणतं, आणि कापलं की कडा गुंडाळून आत जातात. तेरा इंचाचा चौकोन कापून टेबलावर ठेवला आणि मशीनखाली घातला की बाहेर येईपर्यंत त्याचा साडेतेरा झालेला असतो, शेजारचा तेराच राहिलेला, मग जोडावर लाटा येतात. यावर उपाय म्हणजे मागून पेस्टिंग, ज्याला एका बाजूने गोंद असतो आणि इस्त्रीने चिकटते ती. पण ती कॉलरला लावतात तसली कडक नाही, पातळ मऊवाली मागायची, सुळसुळीत असते हाताला. आमच्या ताईंनी आधी एका बाहीवर लावून दाखवली, चुरगाळून दाखवली, मग मी हो म्हटलं. आणि सुई बॉल पॉइंटची लावतात, तिचं टोक गोलसर असतं म्हणून ती फास तोडत नाही, बाजूला सारून जाते. साध्या टोकदार सुईने शिवलं तर तेव्हा काही दिसत नाही, चार धुण्यांनंतर शिलाईच्या रेषेवर बारीक बारीक भोकं पडायला लागतात. हे मी त्यांना सांगायला गेले नव्हते, त्यांनीच सांगितलं, तिथेच अर्धा विश्वास बसला.

मापाचा हिशोब असा. तयार चौकोन बारा इंचाचा, कापताना तेरा. पाच आडवे सात उभे म्हणजे ३५, झाली ६० बाय ८४, त्याला चारही बाजूंनी तीन इंच पट्टी, ६६ बाय ९०, सिंगल बेडची व्यवस्थित गोधडी. ३५ चौकोनांना ३५ टी-शर्ट लागत नाहीत, पुढे-मागे दोन्हीकडे छापलेलं असेल तर एकातून दोन निघतात. घोळ होतो तो लहानपणच्या टी-शर्टांचा, पहिलीतल्या पीटीच्या टी-शर्टची रुंदीच तेरा भरत नाही. ताईंनी त्याच्याच बाह्या उसवून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या आणि माप भरून काढलं, अगदी नीट बघितल्याशिवाय कळत नाही. बाहीच्या टोकाची दुहेरी शिलाई तशीच ठेवलीये त्यात, ती मला फार आवडली.

आत काय भरायचं यावर मात्र आमचं खटकलं. त्या म्हणाल्या फायबर टाका, हलकं होतं, फुगतं, सगळे तेच टाकतात. मी नको म्हटलं. एकतर पुण्यात वर्षातले दहा महिने फायबर अंगावर घेतलं की घाम येतो, आणि हाताने शिवायचं तर टाके लांब पडतात, मग हलक्या प्रतीचं फायबर धुऊन धुऊन सरकतं आणि एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतं. सासूबाईंचं एक जुनं सुती नऊवारी होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, त्याचे आत बरोबर दोन थर बसले, आणि पाठीला माझी एक सहावारी, काठासकट. पेटीत पडून काय होणार होतं त्यांचं. बाळंतविड्यातली दुपटी आपण आजीच्या जुन्या साडीचीच शिवतो ना, कारण तेवढं मऊ कापड बाजारात मिळतच नाही, नव्या कापडाला ते येत नाही. वजन करून बघितलं सगळं झाल्यावर, बॅगा मोजायच्या काट्यावर दोन किलोच्या आतबाहेर भरलं. विमानात २३ किलो नेता येतात आणि त्यातले दोन गोधडीला म्हटल्यावर घरात चकली विरुद्ध गोधडी असं एक भांडण होऊन गेलं, ते असो.

आता मावशी. खरं म्हणजे चारातले तीन स्टार त्यांचेच.

त्यांनी आयुष्यभर लुगडी, धोतरं, चादरी यांच्याच वाकळा शिवल्यात, हे असलं रबरासारखं कापड त्यांच्याकडे अलीकडेच यायला लागलंय आणि त्यांचा त्यावर राग आहे. मी गेले तेव्हा खाली फरशीवर सगळं अंथरून, कोपऱ्यांवर वजनं ठेवून कच्चे टाके घालत होत्या. मला म्हणाल्या, "ताई ह्ये कापड पळतंय बगा. लुगडं कसं गप पडून ऱ्हातं." मग तळहाताने मधून कडेला, मधून कडेला असं दाबत नेत दाखवलं, ओढायचं नाही, नुसतं दाबायचं, ओढलं की ते ताणून पसरतं आणि सोडलं की आखडतं आणि खालच्या साडीला चुण्या पडतात. कच्चे टाके त्यांनी नेहमीपेक्षा जवळ जवळ घातले होते. पक्का धावदोरा कडेने सुरू करून गोल गोल आत येत जातात त्या, ती त्यांची नेहमीची पद्धत, पण इथे प्रिंट आडवे आले. ते जाड रबरी प्रिंट असतात ना, त्यातून हाताची सुई जातच नाही, जोर लावून घातली तरी भोक पडतं ते कायमचं, कापडातलं भोक धुतल्यावर मिटतं, प्रिंटमधलं मिटत नाही. म्हणून त्या प्रिंटपाशी आल्या की वळसा घालून पुढे जातात. त्यामुळे झालंय काय, की प्रत्येक चौकोनात प्रिंटच्या भोवतीने टाक्यांची एक कड उमटलीये, आणि मागच्या बाजूने साडीवर नुसते ते आकारच दिसतात, मध्ये छापलेलं काही नाही. एनएसएसचं ते कोणार्कच्या रथाचं चाक आहे, त्याच्याभोवती तर त्यांनी आपल्याच मनाने एकाबाहेर एक अशा तीन फेऱ्या मारल्यात. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "चाक हाय, फिराया नको का?"

मशीनवाल्यांना हे जमणार नाही असं नाही, पण करणार कोण? आणि उलट मावशींना वरचे चौकोन हाताने जोडायला दिले असते तर तेही फसलं असतं, होजिअरीचा जोड हाताने घातला तर बसल्या-उठल्या ताण येऊन उसवतो. म्हणून म्हणते वरचं मशीनने जोडलेलं आणि तिन्हीचारी थर एकत्र बांधणं हाताने, हे दोन्ही जिथे होतं तिथेच द्या. नुसत्या टेलरकडे दिलंत तर चादर मिळेल आणि नुसत्या गोधडीवालीकडे दिलंत तर तिला बिचारीला उगाच ताप.

मांडणी आम्ही दुकानातच केली, सगळे चौकोन फरशीवर लावून. वर्षांप्रमाणे लावायचे असं लेकीचं म्हणणं, पण तसे लावले तर कॉलेजचे सगळे काळे आणि नेव्ही ब्लू एकाच बाजूला येऊन खालचा भाग अंधार. ताईंनी मग दोन गडद शेजारी नको एवढा एकच नियम ठेवून सगळे हलवले. त्यात तो मंडळाचा मरून टी-शर्ट. पुढे बाप्पा, पाठीवर 'सौजन्य' लिहून आमच्या नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, हा एवढा मोठा, बाप्पापेक्षा मोठा. मी म्हटलं पुढचाच घेऊ. लेक म्हणे नाही, दोन्ही पाहिजेत, त्या वर्षी विसर्जनाला आम्ही सगळ्या पहाटेपर्यंत जाग्या होतो आणि सगळ्यांच्या पाठीवर हेच होते. मावशींनी चौकोन उचलला, निरखून बघितला आणि एकदम सिरियसली विचारलं, "ह्या सायबांना डोक्याकडं लावू का पायाकडं?" ताई हसून हसून मशीनवरून उठल्या. पायाकडे लावलेत. बाप्पा अर्थात वर.

आता तक्रारी. पहिली इस्त्रीची, आणि एक स्टार कापलाय तो यासाठीच. मॅरेथॉनचा टी-शर्ट ड्राय-फिटचा, म्हणजे पॉलिस्टर, त्याला सुती कापडाच्या तापमानाची इस्त्री चालत नाही. पेस्टिंग चिकटवताना दुकानातल्या मुलीने तीच गरम इस्त्री त्यावर ठेवली, कापड चकाकलं आणि छापलेल्या अक्षरांतली अर्धी इस्त्रीच्या बुडाला गेली. असं करायचंच नसतं, प्रिंट असलेल्या कुठल्याही कापडावर बटर पेपर ठेवूनच इस्त्री फिरवायची आणि पॉलिस्टरला ती कमी ठेवून जास्त वेळ दाबायची. लेकीची पहिली हाफ मॅरेथॉन होती ती, तिचं तोंड एवढंसं झालं. ताईंनी लपवलं नाही, स्वतः फोन करून सांगितलं, फोटो पाठवला, बिलातून पाचशे कमी केले. हे त्यांच्या बाजूने. तरी टी-शर्ट गेला तो गेला, पाठीच्या बाजूचा तुकडा लावलाय तिथे, नुसता निळा, अक्षरं नाहीत. तुम्ही द्याल तेव्हा ड्राय-फिटवाले वेगळ्या पिशवीत द्या आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरी उशिराची. लग्नसराई संपली की देते म्हणाल्या, ती संपली तर जूनमध्ये शाळांचे युनिफॉर्म आले, ते संपेपर्यंत मावशी गावाला पेरणीला. दिलेली तारीख कधीच मागे पडली. फोन उचलतात, गोड बोलतात, 'ताई तुमचंच घेतलंय हातात' हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. लेकीच्या बॅगा अर्ध्या भरून झाल्यावर गोधडी हातात पडली.

तिसरी किरकोळ आहे पण सांगते. कडेला गोट त्यांनी चकचकीत सॅटिनचा लावून आणला होता, दिसतं छान म्हणे. सॅटिनचा गोट गोधडीला? हनुवटीपाशी तोच लागतो ना रोज, गार आणि सुळसुळीत, आणि त्याचे धागे ओढले जातात ते वेगळंच. काढायला लावला, सुती लावून घेतला, त्याचे पैसे वेगळे मागितले नाहीत.

पैशांचं स्पष्टच लिहिते. चौकोनाला ७० रुपये कापणं-जोडणं धरून, म्हणजे २४५०, पेस्टिंगचे ६००, हातशिलाईचे २२००, गोटाचे २५०, झाले साडेपाच हजार. त्यातले पाचशे इस्त्रीपायी कमी, पाच हजार दिले. साड्या आपल्याच. हातशिलाईचे २२०० हे मला कमी वाटले खरं सांगायचं तर, एवढ्या मापाला तो धावदोरा किती तासांचा असतो ते तिथे बसून बघा एकदा. मावशींना मी वर वेगळे दिले, ताईंसमोरच दिले, आणि त्यातले तुम्हाला किती मिळतात हेही विचारलं. उत्तर बरं होतं. तुम्हीही विचारत जा, हस्तकला हस्तकला म्हणून कौतुक करायचं आणि मजुरीचं नाव काढायचं नाही हे मला पटत नाही.

आमच्या वन्सं गोधडी बघून म्हणाल्या, असं गेलेल्या माणसाच्या कपड्यांचं करतात ना, जित्या पोरीचं कशाला? करतात, गेलेल्या माणसांचंही करतात. अमेरिकेत १९८७ मध्ये एड्सने गेलेल्या लोकांच्या घरच्यांनी, मित्रांनी प्रत्येकाच्या नावाचा तीन बाय सहा फुटाचा एकेक तुकडा शिवला होता, कुणी त्यांचे कपडे लावले, कुणी आणखी काही, आणि ते १९२० तुकडे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर मैदानभर अंथरले होते. त्या रोगाने गेलेल्यांचं नाव घ्यायलाही लोक कचरत होते असा तो काळ. तेव्हा दुःखाला हे चालतं, तसं आनंदालाही चालतं, लुगड्याची गोधडी काय आजी गेल्यावरच शिवायची असा नियम कुठे होता? उन्हाळ्यात आजी स्वतःच शिवायची आपल्याच जुन्या लुगड्यांच्या आणि त्यावर स्वतःच झोपायची. या दुकानात मी असताना एक बाई वडिलांचे शर्ट घेऊन आल्या होत्या, बाहेर रिक्षा थांबवून, पिशवी देईनात पटकन. ताईंनी पिशवी ओढून घेतली नाही, आधी एकच शर्ट द्या म्हणाल्या, त्याची उशी शिवून दाखवते, आवडली तर बाकीचे आणा. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. तुमच्याकडे शर्ट असतील, टी-शर्ट नव्हे, तर काम खूप सोपं आहे हं, शर्टिंगचं कापड ताणत नाही, पेस्टिंग लागत नाही, पैसेही कमी होतात. बटणपट्टी आणि खिसा तसाच ठेवायला सांगा, फक्त बटणं कुठे येतात ते बघून घ्या, झोपेत टोचतात.

टी-शर्ट देण्याआधी सगळे धुऊन द्यायचे, कम्फर्ट वगैरे न घालता, त्याचा थर राहिला की पेस्टिंगचा गोंद नीट धरत नाही. आणि रंगाची परीक्षा घरीच घ्या, पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिलाईवर घासायचा, मरून, लाल आणि काळ्यावर तर नक्कीच. आमच्या मंडळाच्या मरूनने रुमाल गुलाबी केला, मग तो वेगळा धूत राहिले रंग यायचा थांबेपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवा, व्हिनेगर घाला असं दहा जण सांगतील. आधीच रंगवून आलेल्या कापडाला त्याने काही होत नाही, सुटा रंग असतो तो धुऊनच जातो. हे न करता पांढऱ्या एनएसएसशेजारी मरून शिवला असता तर पहिल्या धुण्यात चाक गुलाबी.

शिवून आल्यावर एकदा गार पाण्यात घरीच धुतली, गच्चीत दोन दोऱ्यांवर टाकून सावलीत वाळवली, एका दोरीवर घडी घालून टाकायची नाही, ओली असते तेव्हा सगळं वजन एकाच रेषेवर येतं आणि टाके ओढले जातात. रंग गेला नाही, लाट आली नाही, नऊवारी थोडं आटलं त्याने उलट छान बारीक सुरकुती आलीये सगळीकडे, गोधडीला येते तशी. लेकीच्या हॉस्टेलला तळघरात सगळ्यांची मिळून मशीन आहेत, तिला लिहून दिलंय, ३० डिग्री, ६० वर टाकायची नाही, ड्रायरमध्ये अजिबात घालायची नाही, गोंद सुटून प्रिंटच्या मागे फोड येतात. तिने ते कपाटाला चिकटवलंय असं म्हणते. रूममेट चायनीज मुलगी आहे, ती पायाकडच्या साहेबांकडे बघून हे तुमचे देव का असं विचारत होती.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या, उरलेल्या तुकड्यांची. बाह्या, पाठी, गळे, हे सगळं दुकानात राहतं आणि केरात जातं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सगळं परत पाहिजे, तरी एक पिशवी कमीच आली. जे आलं त्याची दोन पायपुसणी आणि एक उशी झाली, मावशींनीच केली, पैसे घेईनात, मग डबा दिला.

आता नंबर नवऱ्याच्या कंपनीच्या सेफ्टी वीकच्या टी-शर्टांचा. दरवर्षी एक, सगळे पिवळे, सगळ्यांवर हेल्मेट. मावशींना दाखवले तर म्हणाल्या, "ह्यात चाक न्हाई का कुटं?" दिवाळीनंतर देणार आहे, त्याआधी ब्लाउजांची गर्दी असते आणि मला ते 'तुमचंच घेतलंय हातात' परत ऐकायचं नाहीये. तुम्हाला द्यायचं असेल तर तुम्हीही तेव्हाच द्या, एप्रिल ते जुलै तर विसराच.